श्रेणी ‘क’चे धड

माणूस मोठा असतो म्हणून बसतो, असा एक गैरसमज आहे. वस्तुतः माणूस मोठा ठरला की त्याला बसवण्यात येते, आणि तो खरोखरच बसला होता याचा पुरावा मागे राहावा म्हणून त्याचे तैलचित्र काढण्यात येते. राजेमहाराजांना हे पक्के ठाऊक होते. तलवार गंजते, किल्ला ढासळतो, नातू वाटण्या मागतात. पण मखमली पडद्यापुढे गुडघ्यावर पंजा ठेवून, ओठ घट्ट मिटून बसलेला माणूस दोनशे वर्षे तसाच बसून राहतो, आणि त्याच्यासमोरून जाणारा दुसरा माणूस काही कारण नसताना आवाज खाली आणतो. संस्थाने विलीन झाली तेव्हा ही कला पोरकी होणार अशी भीती होती. तिला भोपाळच्या आमच्या सरकारी कारखान्याने पदरात घेतले, हे मी अभिमानाने नमूद करतो.

मी त्या कारखान्याच्या तैलचित्र समितीचा सोळा वर्षे सदस्य-सचिव होतो. (अध्यक्ष बदलत. सदस्य-सचिव बदलत नसे, कारण कपाटाची किल्ली त्याच्याकडे असे.)

पहिले तैलचित्र १९६३ साली पहिल्या महाव्यवस्थापकांचे सुरू झाले. त्यासाठी इंदूरहून एक चित्रकार आणला होता. साहेब बसले की फोन येई, फोन संपला की दिल्लीहून कोणी येई, तो गेला की उजेड जाई. चित्राला चौदा महिने लागले. परिणामी त्या चित्रात डाव्या गालावर १९६३ सालचे साहेब आहेत आणि उजव्या गालावर १९६४ सालचे. मधल्या काळात त्यांच्या दोन दाढा काढण्यात आल्या होत्या.

ही दिरंगाई टाळण्यासाठी समिती नेमण्यात आली. समितीने त्या चित्रावर आलेखाचा कागद धरून चौकोन मोजले. तेव्हा असे आढळले की चित्राचा फक्त ७.४ टक्के भाग चेहरा आहे. उरलेला ९२.६ टक्के भाग म्हणजे खुर्ची, पडदा, कोट, हात आणि खिडकी. ज्यामुळे माणूस मोठा दिसतो ते सगळे या ९२.६ टक्क्यांत येते, आणि त्यातले काहीही त्याचे स्वतःचे नसते. मग त्या माणसासाठी थांबायचे कशाला? समितीने ठराव केला की धडे आगाऊ, एकदम, श्रेणीवार रंगवून भांडारात ठेवावीत, आणि अधिकारी निवृत्त होईल तेव्हा त्याचा चेहरा वर भरावा.

श्रेणी अशा ठरल्या:

श्रेणी ‘अ’ (महाव्यवस्थापक): उंच पाठीची खुर्ची, तीत बसलेले. मरून पडदा, गोंड्यासह. टेबलावर पृथ्वीचा गोल, संपूर्ण. खिडकीतून कारखान्याचे धुराडे दिसेल व धूर सरळ वर जाईल.

श्रेणी ‘ब’ (अपर महाव्यवस्थापक): ठेंगण्या पाठीची खुर्ची, तीत बसलेले. पडदा, गोंड्याविना. पृथ्वीचा गोल विषुववृत्तापर्यंत. धुराडे दिसेल, धूर दिसणार नाही.

श्रेणी ‘क’ (उपमहाव्यवस्थापक): उंच पाठीची खुर्ची, अर्थात महाव्यवस्थापकांची, रिकामी. अधिकारी तिच्या मागे उभे, उजवा हात तिच्या पाठीवर. पृथ्वीच्या जागी पेपरवेट.

श्रेणी ‘ड’ (उर्वरित सर्व): चित्र नाही. शाल, नारळ व भिंतीवरचे घड्याळ.

धडे रंगवण्याचे काम पेंट शॉपमधल्या दत्तात्रयला देण्यात आले. तो वर्ध्याकडचा. ट्रान्सफॉर्मरवर नंबर घालण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, आणि मनुष्याचा चेहरा काढण्याचा पूर्वानुभव म्हणून त्याने ‘खतरा’च्या पाटीवरच्या तीनशे कवट्या दाखवल्या. धडासाठी समोर बसायला कोणीतरी हवा होता. संपूर्ण कारखान्यात सलग तीन तास न हलता बसू शकणारा एकच कर्मचारी सापडला, तो म्हणजे टाइम ऑफिसातला नरहर. त्याची छाती चव्वेचाळीस इंच होती. त्यामुळे आमच्या साऱ्या वरिष्ठ अधिकाऱ्यांची छाती चव्वेचाळीस इंच आहे. नरहरच्या उजव्या हातात पोवळ्याची अंगठी होती, ती दत्तात्रयने इमानदारीने प्रत्येक धडावर काढली. पुढे असे झाले की बढतीची वेळ जवळ आली की अधिकारी पोवळ्याची अंगठी घालून येऊ लागले. (मंगळ कोणालाच नव्हता.)

पद्धत अत्यंत यशस्वी झाली. चित्राचा कालावधी चौदा महिन्यांवरून चार दिवसांवर आला. दहा वर्षांत तक्रार एकच नोंदली गेली. दोन अपर महाव्यवस्थापकांचे चेहरे एकमेकांच्या नावाची पाटी लागलेल्या धडावर गेले होते. तीही त्या दोघांनी केली नव्हती, झाडू मारणाऱ्याने केली होती.

आता मी नीळकंठराव मुळमुल्यांकडे येतो.

नीळकंठराव उपमहाव्यवस्थापक होते. मूळचे नागपूरचे. सचोटीचा, हुशार, आणि बावीस वर्षे उभा असलेला माणूस. बैठकीला एक खुर्ची कमी पडली की ते आपण होऊन उठत, आणि आमच्याकडे बैठकीला एक खुर्ची नेहमीच कमी पडे. १९७४ साली एका महाव्यवस्थापकांची बदली झाली आणि दुसरे यायला अकरा दिवस होते. त्या अकरा दिवसांचा प्रभार नीळकंठरावांकडे आला. त्या काळात त्यांनी सगळी कामे केली, सगळ्या कागदांवर सह्या केल्या. पण खुर्चीच्या शेजारी उभे राहून, कमरेत वाकून. प्रभार घ्यावा असा आदेश होता. बसावे असा नव्हता. त्यांनी तशी विचारणा केली होती आणि उत्तर बाराव्या दिवशी आले.

१९७९ साली त्यांच्या निवृत्तीला दीड महिना उरला असताना ते माझ्या टेबलाशी आले आणि उभे राहिले.

“जयंतराव, एक विचारायचं होतं. चित्रात मला बसवता येईल का?”

मी फाईल काढली. मला उत्तर ठाऊक होते, तरी काढली.

“श्रेणी ‘क’ आहे साहेब. उभेच आहे.”

“नाही, मी आपलं विचारलं,” ते म्हणाले. “म्हटलं, निदान चित्रात तरी.”

मला फार वाईट वाटले. तसे टिपणात लिहायला रकाना नव्हता.

नियमानुसार निवृत्त होणाऱ्याच्या कुटुंबाला धड आधी दाखवण्यात येई. त्याप्रमाणे नीळकंठरावांच्या पत्नी लीलावतीबाई भांडारात आल्या. तिथे पंख्यांच्या पात्यांमागे श्रेणी ‘क’ची उरलेली धडे एकाला एक टेकून ठेवली होती. मी त्यांतले बरेसे काढून उजेडात धरले. रुंद छाती, पोवळ्याची अंगठी, मानेवर काही नाही, आणि पुढे रिकामी खुर्ची.

“भाऊजी, ही खुर्ची कोणाची?” त्यांनी विचारले.

“महाव्यवस्थापकांची.”

“मग ते कुठे गेले?”

“ते त्यांच्या स्वतःच्या चित्रात आहेत.”

“म्हणजे ही अशीच राहणार? रिकामी? आणि हे तिच्यामागे उभे?”

“हो. कायमचे,” मी म्हणालो. रंग चांगल्या प्रतीचा होता.

दुसऱ्या दिवशी बाईंचा अर्ज आला. फर्निचर नियमावलीतील कलम ३१ कडे त्यांनी समितीचे लक्ष वेधले होते: सहा महिन्यांपेक्षा अधिक काळ वापरात नसलेली खुर्ची भांडारात परत जमा करावी, अथवा बसणाऱ्या व्यक्तीस द्यावी. (नीळकंठराव बावीस वर्षे जेवताना नियमावली मोठ्याने वाचत. घरात कोणी ऐकत असेल अशी त्यांना कल्पना नव्हती.) सदर चित्रातील खुर्ची तेरा वर्षांपासून रिकामी आहे, ती आपल्यास मिळावी, अशी बाईंची विनंती होती.

समितीची तातडीची बैठक झाली. अध्यक्ष तेव्हा शुक्लाजी होते. खुर्ची जमा करावी, तर दत्तात्रयने असे मत दिले की खुर्ची पुसली की साहेबांचा हात हवेत राहील आणि ते बस थांबवत आहेत असे वाटेल. नीळकंठरावांनाच बसवावे, तर ते चित्रात आधीच उभे होते, आणि एका चित्रात एका माणसाला दोन जागा देता येत नाहीत. शुक्लाजींनी कलम ३१ तीनदा वाचले.

“भाई, कुर्सी ख़ाली है तो है,” ते म्हणाले. “भरनी पड़ेगी.”

सूचना फलकावर पंधरा दिवस जाहिरात लावली. एकच अर्ज आला. नियमाप्रमाणे मुलाखत झाली. लीलावतीबाई पिशवी घेऊनच आल्या होत्या, कारण परतताना त्यांना भाजी घ्यायची होती. शुक्लाजींनी विचारले, “भाभीजी, बैठने का कुछ अनुभव?”

“भाईसाहब, बाईस साल में आज पहली बार फ़ुरसत से बैठी हूँ,” बाई म्हणाल्या. “वो भी आपने बुलाया इसलिए.”

निवड एकमताने झाली. नीळकंठरावांना हे घरी कळले तेव्हा ते म्हणाले, “अगं, पण तू कशाला?” त्यावर बाई म्हणाल्या, “तुम्ही बसत नाही, तर घरातलं कुणीतरी बसायला नको का?”

अडचण पुढेच होती. भांडारात बाईचे धड नव्हते. नरहरला साडी नेसून बसण्याबद्दल रीतसर विचारणा झाली, तेव्हा युनियन मध्ये पडली. निरुपायाने समितीने असा अपवादात्मक निर्णय घेतला की लीलावतीबाईंचे चित्र लीलावतीबाईंना पाहून काढावे.

दत्तात्रय रंगांचे डबे घेऊन त्यांच्या क्वार्टरवर गेला. डिसेंबर होता. बाई म्हणाल्या, नुसतं बसायला मला वेळ नाही, मी मटार सोलते, तू काढ. तो चार दिवसांसाठी गेला आणि अकरा दिवस परत आला नाही. मी चौकशीला गेलो तर तो ओसरीत बसून बाईंच्या बोटांकडे पाहत होता.

“साहेब,” तो मला म्हणाला, “हात लई वेगळे असतात हो माणसायचे. मी तेरा वर्षं एकच काढून राहिलो होतो.”

मटारांना समितीने हरकत घेतली. ताटाच्या जागी फाईल दाखवावी असे त्याला लेखी कळवले. दत्तात्रयने आयुष्यात पहिल्यांदा एका कागदावर ‘नाही’ असे लिहिले आणि खाली सही केली. तो कागद कोणत्या फाईलला लावावा हे न कळल्यामुळे मटार राहिले.

चित्र प्रशासकीय इमारतीच्या पहिल्या मजल्यावरच्या व्हरांड्यात लागले. मागे नीळकंठरावांचा चेहरा, नरहरच्या धडावर, नेहमीसारखा. पुढे उंच पाठीच्या खुर्चीत लीलावतीबाई, मांडीवर ताट, हातात अर्धी उकललेली शेंग, आणि नजर समोर; आपण काहीतरी विचारले आहे आणि उत्तराची वाट पाहतो आहोत अशी. त्या व्हरांड्यात दोन्ही बाजूंनी मोठमोठी माणसे बसली होती, पण तिथून जाणारे लोक या एका चित्राशी आल्यावर हातातली सिगारेट विझवू लागले. खोली क्रमांक बारा ते वीस या भागात कामाच्या वेळेत गप्पा मारत उभे राहण्याचे प्रमाण एका महिन्यात ४० टक्क्यांनी घटले. (उरलेले ६० टक्के जिन्यावर गेले.)

नीळकंठराव निवृत्त झाले आणि दोघे अशोका गार्डनमध्ये घर घेऊन राहू लागले.

तीन वर्षांनी कारखान्याचा रौप्यमहोत्सव आला. स्मरणिकेत सर्व माजी महाव्यवस्थापकांची यादी छापायची होती. नवे कार्मिक अधिकारी कामसू होते. जुन्या फाइली उंदरांनी तपासून झाल्या होत्या, म्हणून त्यांनी तैलचित्रांवरून यादी करायचे ठरवले, आणि हे पूर्णपणे शास्त्रशुद्ध होते: जी व्यक्ती उंच पाठीच्या खुर्चीत बसली आहे ती महाव्यवस्थापक. मोजता सात भरले. सहा जणांचे कार्यकाळ मांडल्यावर १९७४ साली अकरा दिवसांची फट राहत होती. सातवी व्यक्ती त्या फटीत तंतोतंत बसली. ‘श्रीमती ली. नी. मुळमुले, कार्यकाळ अकरा दिवस. या काळात संप नाही, अपघात नाही, उत्पादन उद्दिष्टापेक्षा अधिक.’ शेवटचे तिन्ही खरे होते.

निमंत्रणपत्रिका अशोका गार्डनला पोचली तशी नीळकंठराव ती घेऊन माझ्याकडे आले. ‘माजी महाव्यवस्थापक श्रीमती लीलावती मुळमुले, व सोबत त्यांचे पती.’

“जयंतराव, ही चूक आहे,” ते म्हणाले. “दुरुस्त करायला हवी.”

मी त्यांना तैलचित्र समितीच्या नियमांतले कलम ९ दाखवले. चुकीचे चित्र दुरुस्त करायचे, म्हणजे संबंधित चेहरा खरवडून धड भांडारात जमा करायचे.

“कोणाचा चेहरा? माझा?”

“तुमचा बरोबर आहे. त्यांचा.”

नीळकंठराव बराच वेळ उभे राहिले. ते अकरा दिवस त्यांचे होते. बावीस वर्षांत तेवढेच त्यांचे होते, आणि ते त्यांनी वाकून काढले होते. आता ते छापील कागदावर बायकोच्या नावावर गेले होते आणि परत आणायचे तर दत्तात्रयच्या हातात पत्र्याची पट्टी द्यावी लागणार होती. त्यांनी चष्मा पुसला. मी त्यांच्याकडे पाहायचे टाळले, कारण मला रडू येण्याची शक्यता होती.

“शेंग पण जाईल का?” त्यांनी विचारले.

“सगळंच जाईल.”

“मग राहू द्या,” ते म्हणाले. चष्मा चढवून म्हणाले, “मी कुठे उभं राहायचं त्या दिवशी?”

“पहिल्या रांगेत. त्यांच्या शेजारी. खुर्ची आहे.”

“बसायचं?”

“बसायचं.”

“लेखी आहे?”

मी आसनव्यवस्थेचा तक्ता दाखवला. त्यांनी त्याची एक प्रत मागून घेतली आणि घडी करून खिशात ठेवली.

शुक्लाजींचे मत घ्यावे म्हणून मी ही बाब त्यांच्या कानावर घातली. “इसमें ग़लती क्या है?” ते म्हणाले. “अपने भोपाल में तो सौ साल बेगमों ने राज किया है. पुरानी परंपरा है.” आणि प्रकरण पूर्वदाखल्यासह बंद झाले.

समारंभात नीळकंठराव आधी खुर्चीच्या कडेवर टेकले. दीपप्रज्वलनानंतर ते हळूहळू मागे सरकले. स्वागतगीत संपेपर्यंत त्यांची पाठ खुर्चीच्या पाठीला लागली होती, हे मी स्वतः पाहिले. माजी महाव्यवस्थापकांना दोन शब्द बोलण्याची विनंती झाली. सहा जण देशाच्या प्रगतीवर बोलले, सरासरी चोवीस मिनिटे. मग लीलावतीबाईंचे नाव पुकारले गेले. त्या माइकपाशी गेल्या.

“कारखान्याच्या भोंग्याचं तोंड क्वार्टरांकडे आहे,” त्या म्हणाल्या. “पहाटे लेकरं दचकून उठतात. ते तेवढं वळवा.” आणि जागेवर येऊन बसल्या.

भोंगा दुसऱ्या दिवशी अकरा वाजता वळवण्यात आला. या विषयाची फाईल १९६१ पासून चालू होती. तिच्यात दोनशे बारा पाने होती आणि त्यांपैकी चौसष्ट टिपणे नीळकंठराव मुळमुले यांची होती; सर्व मुद्देसूद, सर्व सुवाच्य अक्षरात. भोंग्याचे तोंड अवधपुरीकडे करावे असे ठरले, कारण तिकडे तेव्हा हरभऱ्याची शेते होती, आणि त्या कागदावर मी ‘हरकत नाही’ असे लिहिले. मी आता अवधपुरीत राहतो. रोज पहाटे मला त्या कागदाची आठवण होते.

भोंगा वळल्याचे सांगायला मी अशोका गार्डनला गेलो. बाई स्वयंपाकघरात होत्या. नीळकंठराव आरामखुर्चीत होते, आणि मला पाहून उठले नाहीत.

“चौसष्ट वेळा लिहिलं मी,” ते म्हणाले. “सगळं बरोबर लिहिलं होतं ना?”

“बरोबर होतं.”

“उभ्यानं लिहिलं, एवढंच.” आणि मग ते इतके हसले की बाईंनी आतून विचारले, काय झालं.

त्या हिवाळ्यात बढतीच्या वाटेवरच्या तीन अधिकाऱ्यांनी टेबलावर मटार सोलायला घेतले. कोणाच्याही बाबतीत उपयोग झाला नाही.

आता आपल्याविषयी. आपण हे सगळे हसत वाचले असणार, कारण आपल्या घरात कोणी महाव्यवस्थापक नाही आणि नरहरच्या छातीशी आपला संबंध नाही. समितीने एकदा मला खासगी क्षेत्रातली पद्धत पाहण्यासाठी टी. टी. नगरमधल्या एका फोटो स्टुडिओत पाठवले होते. तिथे खुंटीवर एक काळा कोट होता, टाय त्यालाच शिवलेला. कोणाच्याही अंगाला यावा म्हणून तो पाठीमागून गळपट्टीपासून खालपर्यंत उभा कापलेला होता. मालक म्हणाले, नोकरीचे अर्ज, लग्नाची स्थळे, आणि पुढे हार घालून भिंतीवर लावायचे फोटो, सगळे यातच होतात. असा एक कोट प्रत्येक गावात असतो. मी त्यांना आमचे आकडे सांगितले, त्यांनी मला त्यांचे सांगितले. आमची धडे बावन्न होती. त्यांचे एकच होते आणि ते एकोणीस हजार माणसांना पुरले होते.

लीलावतीबाई स्वतःचे हात घेऊन बसल्या होत्या. आपला बाहेरच्या खोलीतला तो फोटो, ज्यात आपण बरेच कर्तबगार दिसता, तो एकदा शांतपणे पाहा. समोरून काही कळणार नाही. पण फोटोग्राफरने ‘हलू नका’ म्हटले तेव्हा पंख्याचा वारा आपल्या पाठीला लागत होता, हे आपल्याला आठवत असेल.